‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’: आई-बाप होऊ पाहणाऱ्यांना कितपत उपयोगी?

मूल वाढवणं म्हणजे देत राहणं. विवेकी स्वहिताचं तत्त्वज्ञान तर सांगतं की स्वतःचं हित कुणासाठी सोडू नका. मग या तत्त्वज्ञानात पाळण्याला जागा कुठे? हे तत्त्वज्ञान मांडणाऱ्या अमेरिकी लेखिका आयन रँड हिला वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि उत्तरासाठी बहुतेक जण तिचं एकच पुस्तक उचलतात: ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’. १९६४ साली आलेलं हे निबंधांचं पुस्तक आजही मिळतं आणि दोनशे पानांच्या आत संपतं. हे परीक्षण त्या पुस्तकाचं आहे, पण एकाच कामापुरतं. मूल हवं की नको हे ठरवणाऱ्याला आणि झालेलं मूल वाढवणाऱ्याला ते कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी निकाल. हे तत्त्वज्ञान मूल वाढवू देतं, आणि त्यासाठी नेहमीच्या नीतीपेक्षा कडक अटी घालतं. त्या अटी समजायला पुस्तकातले चार निबंध पुरतात. मात्र मूल जन्मल्यानंतरची बांधिलकी येते कुठून, याचं उत्तर पुस्तकात अर्धवट आहे. ते बाहेरून आणून जोडावं लागतं. न जोडता वापरलं तर हेच पुस्तक घरात नुकसान करतं.

एकूण निबंध १९. त्यातले १४ रँडचे, ५ तिचा त्या काळचा सहकारी नॅथॅनियल ब्रँडन याचे. पालकत्वावर एकही स्वतंत्र निबंध नाही, ही गोष्ट घेण्याआधी ठाऊक असलेली बरी. वंशवाद, शासनाचं स्वरूप, शासनाला पैसा कुठून यावा, हक्क म्हणजे काय, असे विषय मागच्या अर्ध्या भागात आहेत. ते आपल्या जागी वाचनीय आहेत, पण मुलाच्या प्रश्नाशी त्यांचा फारसा संबंध नाही. आपल्या कामाचे निबंध म्हणजे पहिला (वस्तुनिष्ठ नीतीचा), तिसरा (आणीबाणीच्या प्रसंगांचा), चौथा (माणसांच्या हितसंबंधांतल्या तथाकथित संघर्षाचा) आणि पाचवा, ‘सगळेच स्वार्थी नसतात का?’ हा ब्रँडनचा. छापलेल्या क्रमाने वाचू नयेत. चौथा आधी वाचावा, मग पाचवा, मग तिसरा आणि शेवटी पहिला. पहिला निबंध १९६१ मधल्या एका विद्यापीठीय परिसंवादासाठी लिहिलेला आहे. त्यात जीवन हेच मूल्याचं मोजमाप का, इथून सुरुवात होते आणि नवा वाचक तिथेच दमतो. चौथा जमिनीवरचा आहे.

शब्दाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. रँडने शीर्षकात मुद्दाम तिखट शब्द ठेवला आणि प्रस्तावनेत त्याचं समर्थन केलं: स्वतःच्या हिताची काळजी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, त्यात वाईट काही नाही. मराठी वाचकाला हे तुलनेने सोपं जावं, कारण ‘स्वार्थ’ या शब्दातच स्व आणि अर्थ आहेत, लबाडी त्याला नंतर चिकटली. तरी वाचताना मनातल्या मनात ‘स्वहित’ म्हणावं. ‘स्वार्थ’ म्हटलं की डोळ्यासमोर दुसऱ्याच्या ताटातलं ओढणारा माणूस उभा राहतो, आणि रँडच्या लेखी दुसऱ्याच्या ताटातलं ओढणारा आणि स्वतःचं ताट दुसऱ्याला देऊन उपाशी राहणारा, दोघेही एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत. दोघेही कुणाला तरी बळी देत असतात.

चौथा निबंध हा या पुस्तकाचा सगळ्यात कामाचा भाग. एखादी इच्छा आणि खरं हित यांत फरक कसा करायचा, यासाठी त्यात चार कसोट्या दिल्या आहेत: वास्तव, संदर्भ, जबाबदारी आणि प्रयत्न. रँडची उदाहरणं नोकरीची आहेत, एकाच जागेसाठी दोन उमेदवार वगैरे. पण ‘मला मूल हवं’ हे वाक्य या चार चाळण्यांतून घालून बघितलं की निबंध खरा उलगडतो.

वास्तवाची कसोटी सांगते की एखादी गोष्ट हवीशी वाटते म्हणजे ती हिताची आहे हे सिद्ध होत नाही. मूल हवंसं का वाटतं? सगळ्यांना झालं म्हणून, नातं सावरेल म्हणून, एकटेपणा जाईल म्हणून? यांतलं प्रत्येक कारण वेगळं तपासता येतं, आणि ही तीनही या चाळणीत अडकतात. दोन माणसांचं बिनसलेलं नातं झोपमोडीने सावरत नाही.

संदर्भाची कसोटी म्हणते की एक इच्छा बाकीच्या आयुष्यापासून तोडून बघू नका, विवेकी माणूस आपलं हित आख्ख्या आयुष्याच्या लांबीवर मोजतो. इथे आकडे मांडायला बसावं. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध घेतं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी दिवसाचे चार ते सहा तास नुसते पाजण्यात जातात, आणि ते सलग नसतात, दर दोन-तीन तासांनी येतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो पाळायचा तर हे तास एकाच माणसाच्या अंगावर पडतात, आणि मग दुपटी, आंघोळ, स्वयंपाक, रात्रीचं थोपटणं ही कामं दुसऱ्याने पूर्ण उचलली तरच हिशेब जुळतो. ‘आपण दोघं मिळून करू’ हे वाक्य या कसोटीत टिकत नाही. कोण, काय, किती वाजता, हे टिकतं.

जबाबदारीची कसोटी रँडने सगळ्यात नेमकी लिहिली आहे. जी इच्छा पूर्ण व्हायला नेमकं काय लागतं आणि ते कोण करणार याचा विचार न करता धरली जाते, ती ‘कुणीतरी करेल’ या गृहीतावर उभी असते. मुलाच्या बाबतीत हा ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा घरातली एक बाई असते, तिला विचारलेलंही नसतं. स्वहिताच्या तत्त्वज्ञानाला स्त्रियांचं शत्रू समजणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा. दुसऱ्याच्या आयुष्यातले तास न विचारता खर्ची घालणं हे इथे सरळ अनैतिक ठरतं, मग त्याला कितीही गोड नाव असो.

चौथी कसोटी, प्रयत्न, फार वेळ घेत नाही. हवं ते मिळवायला स्वतःची मेहनत लागते, मिळणारा वाटा दुसऱ्याच्या तोंडचा काढलेला नसतो. मुलाला इथे एवढंच लागू पडतं की चांगला बाप होणं हे नशिबावर किंवा रक्तावर सोडता येत नाही.

हा निबंध जोडीने वापरायचा असेल तर पद्धत अशी. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता, चारही कसोट्यांखाली आपापली उत्तरं लिहावीत. मूल्यांची उतरंडही लिहावी: काम, जोडीदार, प्रकृती, झोप, पैसा, एखादा छंद किंवा ध्यास, आणि येऊ घातलेलं मूल, वरपासून खाली. आठ-दहा ओळी पुरेत. मग कागद बदलावेत. हमखास चुकतं ते इथे: लोक आपली उतरंड असावी तशी लिहितात, आहे तशी लिहीत नाहीत. ताळा करायला सोपी युक्ती म्हणजे गेल्या तीन महिन्यांतला वेळ आणि पैसा कुठे गेला ते शेजारी मांडायचं. कागदावर प्रकृती दुसऱ्या क्रमांकावर आणि तीन महिन्यांत एकदाही व्यायाम नाही, असं दिसलं की कागद फाडून पुन्हा लिहावा.

पाचवा निबंध छोटा आहे आणि तो एका आळशी उत्तराचा रस्ता बंद करतो. ‘मला मूल हवं होतं, मी ते वाढवलं, म्हणजे मी माझ्या मनासारखं केलं, म्हणून ते स्वहितच झालं’ असं पुष्कळ जण म्हणतात आणि प्रश्न मिटला असं समजतात. ब्रँडन म्हणतो की माणूस जे करतो ते त्याला करावंसं वाटलं म्हणूनच करतो, एवढ्यावरून ते स्वहिताचं ठरत नाही. नाहीतर ‘स्वहित’ या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. स्वहित वस्तुनिष्ठपणे दाखवता यावं लागतं. रँडचे विरोधक आणि चाहते, दोघेही या जागी सारखेच घसरतात.

आता तिसरा निबंध, जिथे मुलाचा खरा प्रश्न उभा राहतो. रँडची त्यागाची व्याख्या इथे आहे: मोठं मूल्य देऊन छोटं मूल्य घेणं, किंवा ज्याला आपल्या लेखी मूल्यच नाही ते घेणं. या व्याख्येने बघितलं तर पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवणाऱ्या आई-बापांनी त्याग केलाच नाही. त्यांना स्वतःच्या चैनीपेक्षा मुलाचं शिक्षण मोठं वाटलं, त्यांनी छोटं देऊन मोठं घेतलं. निबंधातलं उदाहरण नवऱ्याचं आहे, बायकोच्या आजारावर सारी संपत्ती ओतणाऱ्याचं. मुलाचं नेमकं उदाहरण रँडच्या १९५७ सालच्या ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ कादंबरीतल्या लांबलचक भाषणात आहे: भुकेल्या मुलाला अन्न आणि स्वतःला टोपी यांत जी आई अन्न निवडते तिने त्याग केला नाही, कारण मूल तिला टोपीपेक्षा मोलाचं आहे. जिला टोपीच मोलाची वाटते आणि जी केवळ कर्तव्य म्हणून मुलाला भरवते, तिच्यापुरता तो त्याग.

पहिल्या आईच्या बाबतीत हे विश्लेषण फार मोकळं करणारं आहे. ‘मी तुझ्यासाठी किती केलं’ हे वाक्य त्यामुळे जिभेवर येण्याआधीच गळून पडतं. रात्रीचा दिवस केला तो आपल्या मूल्यासाठी, मग मुलाच्या नावावर उधारी कसली? मुलाने पांग फेडावेत ही अपेक्षा, मूल म्हणजे म्हातारपणीची काठी ही योजना, दोन्ही या तत्त्वज्ञानात बसत नाहीत, कारण प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःचं साध्य आहे हे तत्त्व पाळण्यातल्या माणसालाही लागू आहे. ज्या नीतीला आपण निष्ठुर समजतो ती मुलावर उपकाराचं ओझं टाकायला मनाई करते, आणि जी ममतेची म्हणून मिरवते ती ते ओझं पिढ्यान्‌पिढ्या पुढे ढकलत राहते. या एका मुद्द्यासाठीही हे पुस्तक घरात असावं.

दुसऱ्या आईचं काय? भोक इथे आहे. जिला टोपी मोलाची, तिने मुलाला भरवणं हा त्याग, आणि त्याग तर या नीतीत चूक. मग तिने मुलाला उपाशी ठेवावं का? नुसत्या व्याख्येवर चालणारा वाचक इथे अडकतो आणि विरोधक इथेच टाळी देतात. पुस्तकात याचं सरळ उत्तर नाही.

उत्तर रँडच्या वर्तुळातच होतं, पण या पुस्तकाबाहेर राहिलं. १९६२ मध्ये त्यांच्या वार्तापत्रात ब्रँडनने पालक आणि मुलांच्या परस्पर जबाबदाऱ्यांवर लिहिलं होतं. युक्तिवाद कार्यकारणाचा आहे. मुलाने जन्म मागितलेला नसतो. त्याला जगात आणणारी कृती आई-बापांची, आणि स्वतःच्या बळावर जगता न येणं हा मुलाच्या निसर्गाचा भाग. त्यामुळे ते स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं होईपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा आणि शिक्षण ही आई-बापांची बांधिलकी आहे. भावना कमी-जास्त झाल्या म्हणून ती कमी-जास्त होत नाही. पैसे उसने घेणाऱ्याला परत करताना जिवावर आलं तरी तो परतफेडीला त्याग म्हणू शकत नाही, तसंच हे. टोपीवाली आई भरवताना काही गमावत असेल, पण ती फेडत असते ते स्वतःच्या कृतीचं देणं. आणि ते पेलतच नसेल तर मूल रीतसर दत्तक देणं हा मार्ग आहे, उपासमार हा नाही.

हा धागा जोडला की आणखी एक गोष्ट कळते. न निवडलेलं कर्तव्य मान्य नसलेल्या तत्त्वज्ञानाला मुलाची बांधिलकी मान्य करायची असेल तर मूल होणं ही निवड असावी लागते. म्हणून १९६८ मध्ये पोपच्या संततिनियमनविरोधी आदेशपत्रावर रँडने एवढा सडकून निबंध लिहिला. गर्भनिरोधन आणि गर्भपाताचा हक्क हे तिच्या लेखी पालकत्वाच्या विरोधात नव्हते, पालकत्वाला नैतिक अर्थ येण्याची ती अट होती.

एक सावधगिरी: टोपीवाल्या आईच्या प्रश्नावर ‘आई-बापांना मूल भरवण्याची कायदेशीर सक्ती नसावी’ हे उत्तर अनेकदा रँडच्या नावावर खपवलं जातं. ते मरे रॉथबार्ड या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचं आहे, त्याच्या १९८२ सालच्या ग्रंथातलं. रँडचं आणि त्याचं पटत नव्हतं, आणि मुलांबाबतची ही भूमिका तिच्या विचारातून निघत नाही. चर्चेत कुणी हे पुढे केलं तर आधी कोण बोलतंय ते तपासावं.

तिसऱ्या निबंधातला दुसरा दोष जास्त बारीक आहे आणि तो रोजच्या वापरात जाणवतो. मदत कधी करावी हे सांगताना रँड जगाचे दोन भाग करते: आणीबाणी आणि नेहमीची परिस्थिती. आणीबाणी म्हणजे न निवडलेला, अनपेक्षित, मर्यादित काळाचा प्रसंग: पूर, आग, बुडणारं जहाज. तिथे अनोळखी माणसालाही हात द्यावा. नेहमीच्या परिस्थितीत मात्र ज्याने त्याने स्वतःचं बघावं. आता पहाटे तीन वाजता रडणारं तीन आठवड्यांचं बाळ यांत कुठे बसतं? ते निवडलेलं आहे, अपेक्षित आहे आणि अठरा वर्षं चालणारं आहे, म्हणजे आणीबाणी नव्हे. आणि ते स्वतःचं बघू शकत नाही, म्हणजे नेहमीची परिस्थितीही नव्हे. माणसाच्या आयुष्याचा पहिला पाव भाग या वर्गवारीतून निसटतो. रँडच्या लेखनातली माणसं बहुतेक प्रौढ जन्मल्यासारखी असतात, ही टीका इथे पुराव्यासह खरी ठरते.

बाहेर पडायचा दरवाजा मात्र त्याच निबंधात आहे. प्रिय माणसाला मदत करण्यातला सद्गुण निःस्वार्थीपणा नाही, सचोटी आहे, असं ती म्हणते. सचोटी म्हणजे जे मूल्य मानतो त्याप्रमाणे वागणं. पहाटे तीनच्या रडण्याचं उत्तर औदार्याच्या खात्यात शोधू नये, सचोटीच्या खात्यात शोधावं. तू हे निवडलंस, हे तुझं मूल्य आहे असं म्हणालास, तर आता ऊठ. उठण्याला हे कारण पुरतं, आणि प्रेम आटलेल्या रात्रीही ते लागू राहतं.

पहिल्या निबंधातलं व्यापाराचं तत्त्व तान्ह्या बाळाला लागूच पडत नाही, ते ओढूनताणून लावू नये. दोन स्वतंत्र माणसांनी मूल्याला मूल्य देऊन संबंध ठेवावा हे सूत्र मित्रांना, सहकाऱ्यांना, जोडीदाराला ठीक. बाळाशी देवाणघेवाण होत नाही. ‘ते हसतं, हीच परतफेड’ असं म्हणणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास बघावा: ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा प्रसंगाप्रसंगाचा अनुभव नोंदवला, त्यात मुलांची देखभाल आनंदाच्या यादीत बरीच खाली आली. क्षणाक्षणाच्या सुखावर मुलाचं समर्थन उभं केलं तर ते पहिल्या तापातच कोसळतं.

मग फायदा कुठला? पुस्तकातल्या सुखावरच्या निबंधात ब्रँडन आयुष्याच्या आनंदाची पाच क्षेत्रं सांगतो: उत्पादक काम, मानवी संबंध, करमणूक, कला आणि शरीरसंबंध. मूल आपण सवयीने मानवी संबंधांत टाकतो. रँडने ते कामात टाकलं. १९६४ मध्येच ‘प्लेबॉय’ मासिकासाठी अल्विन टॉफ्लरने घेतलेल्या मुलाखतीत ती म्हणाली की कुणाला काही काळ कुटुंब हेच कार्यक्षेत्र करायचं असेल तर ते योग्य आहे, मात्र ते कार्यक्षेत्रासारखं हाताळावं. विषयाचा अभ्यास करावा, मुलांना कुठल्या तत्त्वांवर वाढवायचं ते ठरवावं. नुसती भावनेची हौस म्हणून नव्हे. ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ कादंबरीतही दोन मुलगे वाढवणारी एक बेकरीवाली आई आहे, ती मुलांनाच आपलं कार्यक्षेत्र म्हणते. या नजरेने बघितलं की क्षणाचा त्रास आणि एकूण अर्थ यांतला विरोध मिटतो. पूल बांधणाऱ्याला रोज उन्हात मजा येत नाही. रँडला स्वतःला मूल नव्हतं म्हणून तिचं हे मत मोडीत काढणारे आहेत, पण मत कुणाचं आहे यावरून ते खोटं ठरत नाही.

एक आक्षेप मात्र या पुस्तकाला खरोखर जड जातो. एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की मूल होणं हा माणसाला आतून बदलून टाकणारा अनुभव असतो. तो कसा असेल हे आधी कळत नाही, आणि झाल्यावर आपली मूल्यंच बदललेली असतात. मग वर सांगितलेली उतरंड कुणाची? आजच्या माणसाची. मूल मात्र वाढवायचं आहे ते उद्याच्या माणसाने. रँडच्या पद्धतीला ठरलेली उतरंड लागते, आणि हा निर्णय उतरंडच हलवतो. यावर पूर्ण उत्तर या पुस्तकातून निघत नाही. जे निघतं ते असं: अनुभवाच्या गोडीवर निर्णय घेऊ नये, कारण ती आधी मोजता येत नाही. ज्या गोष्टी आधी कळतात, म्हणजे काम किती, तास किती, जोडीदार कसा, एक नवं मन घडवण्याच्या कामात रस आहे की नाही, त्यांवर घ्यावा.

मूल झाल्यावर घरात या पुस्तकाचा गैरवापर कसा होतो तेही सांगायला हवं. सगळ्यात आम चूक म्हणजे व्यापाराचं तत्त्व तीन वर्षांच्या मुलावर लावणं: खेळणी आवरलीस तर इतके पैसे, चित्र काढलंस तर बक्षीस. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग इथे थेट लागू होतो. ज्या बालवाडीतल्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर त्याच मुलांनी स्वतःहून चित्रं काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांत अशी घट झाली नाही. रँडच्याच भाषेत सांगायचं तर मुलाचं स्वतःचं मूल्य काढून घेऊन त्या जागी दुसऱ्याचा भाव बसवला गेला. जी नीती स्वतःच्या निर्णयावर जगायला सांगते, तिच्या नावाने हे होऊ नये.

वाटून खेळण्याचा प्रश्नही येतोच. ‘दे त्याला, तू मोठा ना?’ ही सक्ती या तत्त्वज्ञानात बसत नाही. तिच्याऐवजी काय करायचं हे पुस्तकात नाही, पण माँटेसरी शाळांत आहे, आणि रँडने १९७० च्या शिक्षणावरच्या दीर्घ निबंधात त्या पद्धतीची बाजू घेतली ती उगीच नव्हे. वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात. जे मूल ते घेतं त्याने काम संपेपर्यंत वापरावं, मग फडताळावर जागच्या जागी ठेवावं, दुसऱ्याने तोवर थांबावं. हिसकावणं नाही आणि बळजबरीचं दान नाही. घरी हे लागू करताना दोन गोष्टी लागतात: साधन ठेवायची ठरलेली, मुलाच्या हाताला येणारी जागा, आणि थांबणाऱ्या मुलाजवळ बसणारं मोठं माणूस. दुसरी गोष्ट वगळली की दोन मिनिटांत रडारड होते आणि पद्धतीला दोष दिला जातो.

शेवटचा निबंध धाकदपटशाच्या युक्तिवादावर आहे. वर दिलेल्या चारांत तो नाही, पण मूल नको असं ठरवलेल्यांनी तो जरूर वाचावा. युक्तिवादाच्या जागी चारित्र्यावर बोट ठेवून माणसाला गप्प करण्याची रीत त्यात उघडी केली आहे, आणि ‘मूल नको म्हणणारे आत्मकेंद्री असतात’ हे त्या रीतीचं चोख उदाहरण आहे.

भाषा करडी आहे, वाक्यं निवाड्यासारखी येतात, आणि लेखिका शंकेला जागा ठेवत नाही. रोज एक निबंध, हातात पेन्सिल घेऊन, असं वाचलं तर आठवडाभरात कामाचा भाग होतो.

कधी वाचू नये, ही माहिती बहुधा सगळ्यात महत्त्वाची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे पुस्तक आईच्या हातात देऊ नये. रँडच्या मते भावना या माणसाच्या मूल्यांचा आपोआप लागणारा हिशेब असतात. निरोगी, झोप झालेल्या माणसाला हे सूत्र उपयोगी पडतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. त्यात बाळाकडे बघून काहीच न वाटणं हे आजाराचं लक्षण असतं. अशा आईने ते सूत्र वाचलं तर ती सरळ निष्कर्ष काढते की मला काही वाटत नाही, म्हणजे हे मूल माझं मूल्य नाही, म्हणजे मी जे करतेय तो त्याग आहे. निष्कर्ष चूक आहे, कारण हिशेब करणारं यंत्रच त्या वेळी आजारी आहे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जावं. मूल्यांचा कागद, मूल होण्याआधी लिहिलेला, कपाटात तसाच राहू द्यावा आणि आईची झोप सलग होऊ लागल्यावर दोघांनी मिळून उघडावा.